ओला भुसा

पहिलं कुत्रं मेहुण्याने भर दुपारी मारलं, वखारीतली माणसं डबे उघडून बसली होती तेव्हा. ओंडके उलटवायचा लोखंडी आकडा त्याने दोन्ही हातांनी उचलला आणि नकटीच्या मानेवर घातला. एका घावात भागलं नाही. नकटी साखळीला होती, जाणार कुठे? साखळी संपेपर्यंत ती पळाली, हिसका बसून उताणी पडली आणि पुढचे तीन घाव तिने पडल्या पडल्या खाल्ले. शेवटच्या घावाला आकडा बरगड्यांत अडकला. मेहुण्याने तिच्या पोटावर पाय देऊन तो उपसून काढला आणि पुसायला भुशात खुपसला.

कुत्रेवाला नळावर बादली भरत होता. ओरडणं ऐकून धावत आला तोवर सगळं उरकलं होतं. बादली त्याच्या हातात तशीच होती, निम्मी पायावर सांडलेली.

वखारीत त्याला सगळे कुत्रेवालाच म्हणत. इमारती लाकडाची ती मोठी वखार, चारी बाजूंनी पत्र्याचं कुंपण, आणि रात्रीच्या राखणीला चार कुत्री. दिवसा ती मोठ्या करवतीच्या मागच्या शेडमध्ये बांधलेली असत, सहाच्या भोंग्याला मोकळी सोडली जात. त्यांना खायला घालणं, धुणं, बांधणं, सोडणं हे अठरा वर्षं त्याचं काम होतं. खरं तर दोघांचं, त्याचं आणि बायकोचं. बायको जाऊन आठ महिने झाले होते. मेहुणा म्हणजे तिचा पाठचा भाऊ. वखारीचा मुकादम तोच. मालक वर्षातून दोनदा तोंड दाखवत, त्यामुळे मुकादम म्हणेल ती पूर्व दिशा. तीस माणसं त्याच्या शब्दावर उठत-बसत, आणि ज्याला शब्द कळत नसे त्याच्यासाठी त्याचे हात होते.

मेहुणा घामाने निथळत होता. त्याने धापा टाकत सांगितलं ते एवढंच. त्याच्या चार वर्षांच्या मुलीच्या पाठीवर सात फोड आले होते. गळवं समजून तिची आई चार दिवस शेकत होती. आज सकाळी त्यातला एक फोड आईच्या डोळ्यांदेखत आतून हलला. दवाखान्यात डॉक्टर नव्हते, दोन दिवसांनी येणार होते. कंपाउंडरने फोड बघितला आणि सांगितलं की आत अळी आहे. कातडीत शिरते, मांस खाऊन वाढते, कुत्र्यांच्या अंगात असते. मेहुणा तिथून तडक वखारीत आला. आल्या आल्या त्याने नकटीचं पोट चाचपलं. तिथे तसलेच फोड लागले. मग त्याने आकडा उचलला.

"बाकीची तीन सहाच्या भोंग्याला," तो म्हणाला. "तुम्ही मारणार असाल तर तुम्ही मारा, भाऊजी. नाहीतर मी माणसं घेऊन येतो. ताईकडे बघून एवढा वेळ देतोय."

कुत्रेवाला बोलण्यात मुळातच कंजूष, आणि बायको गेल्यापासून तर त्याने ते दुकान जवळजवळ बंदच केलं होतं. त्याने नकटीच्या गळ्यातली साखळी सोडली, तिला पाय धरून कुंपणाकडे ओढत नेलं आणि वर एक पत्रा टाकला. पत्र्यावर दगड ठेवला. मग परत येऊन त्याने उरलेल्या तिघांकडे बघितलं.

कोतवाल मोठा, पिवळा, उगाच न भुंकणारा. बारका नावालाच बारका, स्वभावाने तिखट. आणि म्हातारी, जिला अकरावं वर्ष लागलं होतं. तिघंही मागच्या भिंतीला चिकटून थरथरत होती. तिघांच्याही अंगावर फोड होते, आणि ते त्याला आज समजलं नव्हतं. आठवडाभर तो बघत होता. कुत्री स्वतःला चाटत होती, चावत होती, पायाने ओरबाडत होती. उन्हाळी फोड असतील म्हणून त्याने तेल चोळलं होतं आणि गप्प बसला होता. आठ महिन्यांत तो बऱ्याच गोष्टी नुसत्या बघत बसला होता.

त्याला वाटलं, कुत्री मारायची ती अंगात अळ्या आहेत म्हणून. अळ्याच राहिल्या नाहीत तर मारायला कारण काय उरलं?

करवतीच्या खोलीतून त्याने ग्रीसचा डबा आणला, एका पत्र्याच्या डब्यात रॉकेल ओतलं, आणि कोतवालाला खांबाला आवळून बांधलं. तोंड गोणपाटाच्या पट्टीने बांधलं. फोडाच्या टोकाला सुईच्या नेढ्याएवढं भोक होतं. अळी त्यातून श्वास घेते हे त्याला माहीत होतं. वीस वर्षांपूर्वी दुसऱ्या एका वखारीत त्याने हे एका बैलावर बघितलं होतं. प्रत्येक भोकावर त्याने ग्रीसचा जाड थर बसवला आणि थांबला. थोड्या वेळाने ग्रीस हललं. हवा मिळेना म्हणून अळी टोक वर काढू लागली. त्याने दोन्ही अंगठे फोडाच्या दोन बाजूंना ठेवले आणि हाडापर्यंत दाबले.

कोतवाल बांधलेल्या तोंडातून ओरडला. तो आवाज घशातून न येता पोटातून आल्यासारखा होता. अळी सुळकन बाहेर आली, मागोमाग रक्त आणि पिवळं पाणी. पांढरी, गलेलठ्ठ, करंगळीच्या पेराएवढी, अंगभर बारीक काळे काटे. रॉकेलच्या डब्यात टाकली तरी ती बराच वेळ वळवळत होती.

कोतवालाच्या अंगातून चौदा निघाल्या. दोन आतच फुटल्या, तिथे त्याला पात्याने कापून जखम धुवावी लागली. बारक्याच्या वेळी पट्टी सुटली आणि त्याने कुत्रेवाल्याचा डावा तळहात आरपार चावला. कुत्रेवाल्याने उजव्या हाताने त्याच्या कानशिलात अशी हाणली की कुत्रं खांबावर आपटलं. अठरा वर्षांत त्याने कुत्र्यावर हात टाकला नव्हता. मारल्यावर त्याला बरं वाटलं, आणि बरं वाटलं याची भीती वाटली. पुढच्या अळ्या त्याने रॉकेलमध्ये टाकल्याच नाहीत. फरशीवर टाकून एकेक टाचेने चिरडली. चिरडलेल्याही पुन्हा चिरडल्या. आठ महिने कुणावर काढावा ते कळत नव्हतं असा राग होता, त्याला अखेर गिऱ्हाईक सापडलं होतं.

करवत चालवणारा माणूस, ज्याला सगळे आठबोट्या म्हणत कारण दोन बोटं त्याने करवतीला दिली होती, तो विडी ओढत दारात येऊन उभा राहिला.

"मुकादमाचं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी," तो म्हणाला. "पण अळ्यांना अक्कल आहे हां. पाठीवर एक नाही बघ. सगळ्या पोटाशी, नाहीतर कोपराला. बसायची जागा तेवढी धरली आहे."

एवढं बोलून तो विडी विझवून गेला. कुत्रेवाल्याचे हात म्हातारीच्या पोटावर थांबले. तिचे फोड सगळ्यांत जास्त, कारण ती सगळ्यांत जास्त पडून असायची. आणि सगळे खालच्या अंगाला होते, जमिनीला टेकणाऱ्या.

म्हातारी ज्यावर पडली होती त्या भुशाकडे त्याने बघितलं.

बायको होती तोवर कुत्री भुशावर झोपत नसत. तिने फळ्या ठोकून वीतभर उंचीचे चार पाट केले होते. त्यांच्यावर ती गोणपाटं अंथरायची. गोणपाटं दर चार दिवसांनी धुवायची आणि बॉयलरच्या तापल्या पत्र्यावर टाकायची, एक बाजू, मग दुसरी, पापडासारखी कुरकुरीत होईपर्यंत. तो तिला हसायचा, म्हणायचा, नवऱ्याचा सदरा चुरगळलेला आणि कुत्र्यांच्या चादरी कडक. ती म्हणायची, ओल्या फडक्यावर माशी बसून जाते, तिला काय सोडून जायचं ते सोडून जाते, पत्रा तापला की ते मरतं. त्याने ते एका कानाने ऐकलं होतं.

शेवटच्या आठवड्यात, छाती भरून येत असताना, तिने बारा गोणपाटं भाजून, घड्या घालून फळीवर ठेवली होती. ती गेली. त्या घड्या मोडायला याचा हात होईना. तिच्या हातची ती शेवटची गोष्ट होती. एक पाट मोडला, मग दुसरा, त्याने दुरुस्त केला नाही. करवतीखाली ताजा भुसा ढीगभर पडत होता. तोच त्याने शेडमध्ये ओढला आणि कुत्री त्यावर बांधली. ओल्या लाकडाचा भुसा, वर पत्र्याची सावली, खाली कुत्र्यांचं मूत. वरून कोरडा दिसायचा.

त्याने वरचा थर हाताने बाजूला केला. खाली भुसा काळा पडला होता, ऊन लागत होता आणि त्याला उग्र वास येत होता. त्याने चांगला हात त्यावर उपडा ठेवला आणि वाट बघितली. थोड्या वेळाने बोटांच्या भोवती भुशातून पांढरे दोरे उभे राहिले, सुताएवढे. ते हाताच्या उबेकडे तोंड करून डोलत होते.

त्याने हात झटकला आणि पँटला घासत राहिला.

आणि मग त्याला मुलगी आठवली. पंधरा दिवसांपूर्वी मेहुण्याच्या खोलीत जमिनीला ओल आली होती. पोरगी खाली झोपते, तिला गारठा लागतो, असं तिची आई म्हणाली. यानेच याच ढिगातला दोन पोती भुसा नेला. स्वतः जमिनीवर पसरला, वर गोणपाट टाकलं, हाताने थापून सारखा केला. पोरगी त्याच्यावर उड्या मारत म्हणाली होती, आतोबांनी गादी आणली. पोरगी झोपेत अंथरूण ओलं करते, म्हणून गेल्या आठवड्यात तो आणखी एक पोतं टाकून आला होता.

तो तिथेच खाली बसणार होता, पण खाली भुसा होता.

गप्प राहणं सोपं होतं. अळ्या कुत्र्यांतून आल्या असं कंपाउंडर म्हणाला होता, मुकादमाला ते पटलं होतं. सहाला तीन कुत्री मेली असती आणि विषय मिटला असता. रोजचं दोन वेळचं जेवण त्याला मेहुण्याच्या घरून येत होतं, तेही चालू राहिलं असतं. पण पोरगी आज पुन्हा त्या गादीवर झोपली असती. आणि बोललं तर काय होईल ते त्याला ठाऊक होतं. मेहुण्याचे हात त्याने बघितले होते. एकदा एका ड्रायव्हरचा जबडा त्याने दोन ठोशांत मोडला होता, तेही फक्त पावती हरवली म्हणून.

त्याने म्हातारीच्या उरलेल्या अळ्या काढल्या. एकवीस. मग फळीवरून गोणपाटं खाली घेतली. घड्या मोडताना तो थांबला नाही. तिन्ही कुत्री त्याने बॉयलरजवळच्या सिमेंटच्या ओट्यावर नेऊन गोणपाटांवर बांधली, आणि शेडमधला भुसा फावड्याने ओढून बॉयलरच्या भट्टीत घालायला लागला. ओला भुसा धुरत होता. भट्टीवाल्याने आईबहिणीवरून शिव्या घातल्या. कुत्रेवाला ऐकत राहिला आणि फावडं मारत राहिला. चावलेल्या तळहातातलं रक्त दांड्यावरून खाली गळत होतं.

भोंगा झाला तेव्हा शेडची जमीन दिसायला लागली होती.

मेहुणा चार माणसं घेऊन आला. चौघांच्या हातात सळया, त्याच्या हातात दुपारचाच आकडा. शेड रिकामी बघून तो ओट्याकडे वळला. कुत्रेवाला मध्ये येऊन उभा राहिला.

"कुत्र्यांचा दोष नाही," तो म्हणाला. "भुशाचा आहे. त्यात माशीने अंडी घातली. कुत्र्यांनाही त्यातूनच लागलं."

मेहुणा म्हणाला, पोरगी काय कुत्र्यांच्या शेडमध्ये झोपते?

"तिच्या गादीत तोच भुसा आहे. मी आणून घातला. माझ्या हाताने."

चौघांपैकी एकाने खाली मान घातली, कारण पुढचं काय ते त्याला आधी कळलं. मेहुण्याने आकडा खाली टाकला. भाऊजींवर लोखंड उचलायचं नाही एवढं भान त्याला होतं. बाकी कशाचं नव्हतं.

पहिला ठोसा तोंडावर बसला आणि ओठ दातांवर फाटला. दुसरा डोळ्यावर. कुत्रेवाला पडला, त्याला गळ्याशी धरून उचललं गेलं, आणि पुन्हा पाडलं गेलं. मग लाथा. बरगडीत काहीतरी काडीसारखं मोडलं. कुत्रेवाल्याने हात वर केले नाहीत. ते शहाणपण नव्हतं आणि शौर्यही नव्हतं. आपल्याला हे कुणीतरी आठ महिन्यांपूर्वीच करायला हवं होतं, असं त्याला वाटत होतं.

ओट्यावर कोतवालाची साखळी ताणली गेली. जुन्या सिमेंटमधली कडी उपटली आणि कुत्रं साखळीसकट आलं. भुंकलं नाही. मेहुण्याचा वर उचललेला उजवा हात त्याने कोपराखाली धरला आणि लटकलं. मेहुणा आता ओरडला. कुत्रं मान हिसडत होतं, दात हाडावर घासल्याचा आवाज येत होता. चार सळया होत्या, पण कुणी पुढे होईना. मारावं कुणाला, कुत्र्याला की मुकादमाला, इतकी ती दोघं एकमेकांत गुंतली होती.

कुत्रेवाला उठला. एक डोळा मिटला होता. त्याने खाली पडलेला आकडा उचलला आणि कोतवालाला हाक मारली. कोतवालाने सोडलं नाही. त्याने आकड्याच्या दांड्याने त्याच्या नाकाडावर मारलं. सोडलं नाही. दुसऱ्यांदा मारलं तेव्हा एक सुळा तुटून जमिनीवर उडाला. तिसऱ्यांदा त्याने सगळा जोर लावून मारलं. कुत्र्याचं तोंड उघडलं. ते मागे कोसळलं, उठलं, आणि त्याच्याकडे बघत बघत मागे सरकलं, राखण केल्याबद्दल मार का बसला हे न कळल्यासारखं.

सळईवाला एक माणूस आता हिंमत करून पुढे झाला. कुत्रेवाला कुत्र्याच्या आणि त्याच्या मध्ये उभा राहिला. आकडा त्याच्याच हातात होता. बोलला मात्र मेहुण्याशी.

"डॉक्टर दोन दिवसांनी येणार. तोवर अळ्या दुप्पट मोठ्या होतील. मी आज दुपारपासून बावन्न काढल्या, आता माझा हात बसलाय. पोरीच्या मी काढतो. पण ही तीन जिवंत राहतील. नाहीतर तू काढ."

मेहुणा जमिनीवर बसला होता, हात पोटाशी धरून. रक्त बोटांवरून ठिबकत होतं. पहिल्यांदा त्याने सुळ्याकडे बघितलं, मग कुत्र्याकडे, मग बहिणीच्या नवऱ्याच्या तोंडाकडे, जे त्याने स्वतः तसं केलं होतं.

"चला," तो म्हणाला.

खोली वखारीच्या फाटकालगत होती. कुत्रेवाल्याने आत जाताच गादीचं गोणपाट चारी टोकांनी उचललं, खालचा भुसा पोत्यात भरून बाहेर काढला, आणि भट्टीत घालायला माणसाच्या हाती दिला. जमीन रॉकेलने पुसायला सांगितली. मेहुण्याच्या बायकोने दोघांची तोंडं बघितली. तिने पाणी उकळलं, नवऱ्याच्या हाताला फडकं बांधलं, पोरीला खाटेवर पालथं घातलं. ग्रीस नको म्हणून तिने खोबरेल तेलात मेण वितळवून दिलं.

पोरीने आतोबांना बघून खुशीत पाय हलवले. मग मेणाचा थर बसला, मग अंगठे.

कुत्र्याच्या कातडीपेक्षा हे कातडं फार पातळ होतं. जोर तेवढाच लागत होता. पोरगी अशी किंचाळली की दारात उभी असलेली माणसं लांब गेली. बापाने तिचे खांदे दाबून धरले. तिने मान वळवून जे तोंडात आलं ते चावलं. बापाचा बांधलेला हात होता. फडक्यातून रक्त पुन्हा वर आलं. मेहुण्याने हात काढला नाही. डोळे घट्ट मिटून तो तिच्या कानाशी म्हणत राहिला, चाव, चाव, आणखी चाव.

सहा निघाल्या. सातवी खोल होती, खांद्याच्या हाडाजवळ. टोक दिसायचं आणि आत जायचं. तिथे कुत्रेवाल्याचा चावलेला हात सुजून दगड झाला होता, डाव्या अंगठ्यात जोर उरला नव्हता. त्याने मेहुण्याकडे बघितलं. मेहुण्याने बायकोला पोरीला धरायला लावलं आणि आपला डावा अंगठा फोडाच्या एका बाजूला ठेवला. कुत्रेवाल्याने आपला उजवा दुसऱ्या बाजूला.

"आता," कुत्रेवाला म्हणाला.

दोघांनी एकदम दाबलं. अळी बाहेर उडाली आणि मेहुण्याच्या सदऱ्याला चिकटली. त्याने ती चिमटीत धरली, जमिनीवर टाकली आणि टाचेखाली इतका वेळ घोळली की फरशीवर नुसता ओलावा राहिला.

पोरीचं रडून रडून उचक्यांवर आलं होतं. आईने तिची पाठ पुसली, तिला उभी छातीशी धरली. पोरीने आईच्या खांद्यावरून आतोबांचं तोंड नीट बघितलं, सुजलेला डोळा, फाटलेला ओठ.

"आतोबांना कोणी मारलं?"

आई म्हणाली, बाबांनी.

पोरीने विचार केला. "अजून मारा म्हणावं," ती म्हणाली.

कुत्रेवाला हसायला गेला आणि ओठ पुन्हा उकलला. मेहुणा हसला नाही. तो खाटेच्या कडेला बसला होता, दोन्ही हात मांडीवर उघडे ठेवून, ते कुणा दुसऱ्याचे आहेत अशा नजरेने त्यांच्याकडे बघत. बऱ्याच वेळाने त्याने पाण्याचा तांब्या उचलला, स्वतः न पिता पुढे केला.

"भाऊजी," तो म्हणाला, "भोंगा कधीच झाला. कुत्री सोडायची राहिलीत."

कुत्रेवाल्याने चूळ भरून लाल पाणी दाराबाहेर टाकलं. मग बरगडीला हात लावून उठला आणि ओट्याकडे निघाला.